गुरू सिंहेत, याने गुरूकडे

आपल्याकडच्या बहुतेक जत्रा तिथीवर चालतात. आषाढी, कार्तिकी, चंपाषष्ठी, चैत्री पौर्णिमा; सगळा हिशेब चंद्राचा आणि तो दरवर्षी जमतो. नाशिकच्या सिंहस्थाचे तसे नाही. त्याचा धनी गुरू. आकाशात गुरू सिंह राशीत शिरला की पंचवटीत रामकुंडावर ध्वज चढतो. काठावरचे गंगा-गोदावरीचे देऊळ एरवी वर्षानुवर्षे कुलूपबंद असते, ते उघडते. तपोवनात साधुग्राम वसते, आखाडे येतात. सूर्यही सिंहेत आला, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, की बहुतेक मोठी स्नाने होतात. आखाड्यांच्या पेशवाईतल्या तंट्यानंतर ठरून गेल्याप्रमाणे वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर. गुरू कन्येला गेला की ध्वज उतरतो. मधल्या वर्षभरात जुन्या वळणाच्या घरांत लग्नाची बोलणीसुद्धा काढत नाहीत.

याच गुरूकडे माणसाने १९७२ पासून याने धाडली. त्या यानांच्या तारखा आणि पंचवटीतल्या सिंहस्थांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की मौज दिसते. दर सिंहस्थाला गुरू त्याच राशीत परत येतो, पण त्याच्याविषयीची माहिती मात्र आधीच्या सिंहस्थातली राहिलेली नसते.

गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालायला ११.८६ वर्षे लागतात. म्हणजे बारा वर्षांच्या हिशेबात दर खेपेस पावणेदोन महिने उरतात. ते साठत गेले की कधीतरी मेळा अकराव्या वर्षीच येतो. १९५६, १९६८, १९८० अशी बारा-बाराची रांग चालली आणि पुढचा सिंहस्थ १९९१ लाच भरला, तो यामुळे. अशी गोष्ट आधी सांगायची तर गुरूची चाल नेमकी ठाऊक हवी, आणि ती आपल्याकडे ठाऊक होती. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या-कोज्येच्या खटपटीत न पडता ग्रह कुठे आहे ते काढायची सोपी रीत त्यात होती, आणि पुढची तीन-साडेतीन शतके महाराष्ट्रातली पंचांगे तिच्यावर चालली. एकोणिसाव्या शतकापर्यंत गणित आणि आकाश यांत फरक पडू लागला, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापून युरोपातल्या नव्या वेधांची मदत मराठीत आणली. पटवर्धनी पंचांग त्यातूनच निघाले.

थोडक्यात, गुरू कुठे आहे हे पंचवटीतल्या भिक्षुकालाही पंचांग उघडून सांगता येत होते. गुरू म्हणजे काय, हा प्रश्न वेगळा. तिथे पंचांगाचा उपयोग नव्हता, दुर्बीण हवी होती. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. १६७६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ रोमरने त्यांतल्या आयो या चंद्राची ग्रहणे वेळेवर लागत नाहीत, यावरून प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो हे ताडले. आपल्याकडे पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. वीस इंची आरशाची दुर्बीण, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. पण १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा मोडली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. एका माणसाच्या हौसेवर उभी राहिलेली संस्था त्याच्याबरोबर संपते, हा आपला अनुभव तेव्हापासूनचा आहे.

याच काळात बागलकोटला एक शाळामास्तर गुरूच्या चंद्रांचा वेगळाच उपयोग करत होते. व्यंकटेश बापूजी केतकर, ‘ज्योतिर्गणितम्’चे कर्ते. गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींत गणिती लाप्लासने एक गणिती नाते दाखवले होते. तसेच नाते बाहेरच्या ग्रहांतही असणार असे धरून केतकरांनी नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह मांडले आणि जवळच्याला ‘ब्रह्मा’ असे नाव दिले. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट दूर, एका फेरीला २४२ वर्षे. फ्रान्सच्या खगोल मंडळाच्या पत्रिकेत हे १९११ मध्ये छापून आले. १९३० च्या फेब्रुवारीत प्लुटो सापडला, तो ३९.५ पट अंतरावर आणि २४८ वर्षांच्या फेरीचा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केतकर वारले. त्यांची रीत आज कोणी ग्राह्य धरत नाही आणि आकडे जुळले ते योगायोगानेच, असे मानायला हवे. तरी बागलकोटात बसून, हाती मोठी दुर्बीण नसताना, नुसत्या गणिताच्या जोरावर सूर्यमालेच्या कडेपर्यंत जाण्याची ती उडी मोठी होती. तिचा एक धागा पुढे पंचवटीपाशी येतो.

१९५६ चा सिंहस्थ लागला तेव्हा माणसाने एकही उपग्रह सोडलेला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत बर्क आणि फ्रँकलिन या दोघांना गुरूकडून रेडिओलहरी येत असल्याचा शोध लागला होता. शांत, सात्त्विक म्हणून ख्यात असलेला हा ग्रह खरे तर चांगलाच गडबड करणारा निघाला. १९६८ च्या सिंहस्थापर्यंत याने शुक्र-मंगळाला भोज्या करून आली होती, पण मंगळाच्या पलीकडे एकही गेले नव्हते. गुरूचे तेव्हा बारा चंद्र माहीत होते आणि मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही त्यांतले बहुतेक नुसते ठिपके होते.

अडचणी तीन होत्या. पहिली अंतराची. दुसरी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याची. त्यातून यान धड बाहेर पडेल की नाही, कोणालाच सांगता येत नव्हते. तिसरी गुरूच्या चुंबकीय क्षेत्राची. त्यात अडकलेल्या विद्युतभारित कणांचा मारा एवढा की यानातले इलेक्ट्रॉनिक्स जळून जाण्याची भीती. गुरूच्याही पलीकडे जायचा मार्ग उघडला तो १९६५ मध्ये, कागदावर. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत उन्हाळ्यापुरता कामाला आलेला गॅरी फ्लँड्रो नावाचा विद्यार्थी बाहेरच्या ग्रहांची स्थाने मांडत होता. त्याच्या ध्यानात आले की सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे चारी सूर्याच्या एकाच अंगाला येणार आहेत, आणि असा योग साधारण १७५ वर्षांनी एकदा येतो. गुरूच्या पाठीमागून योग्य कोनात यान नेले तर गुरूच्या गतीतला किंचित अंश यानाला मिळतो आणि ते इंधन न जाळता पुढे भिरकावले जाते. म्हणजे गुरू हा शेवटचा मुक्काम न राहता मनमाडसारखे जंक्शन झाला. पुढे कुठेही जायचे तर गाडी तिथे बदलायची.

ग्रहांच्या युतीवरून मुहूर्त काढायचा आणि तो चुकवायचा नाही, हे आपल्या लोकांना शिकवायला नको. फरक इतकाच, की इथे मुहूर्त चुकला तर खरोखरच १७५ वर्षे थांबावे लागणार होते.

आधी वाट पाहायला दोन हरकारे गेले. १९७२ च्या मार्चमध्ये निघालेले पायोनियर १० लघुग्रहांच्या पट्ट्यातून सुखरूप पार झाले आणि १९७३ च्या डिसेंबरात गुरूच्या ढगांपासून सुमारे एक लाख तीस हजार किलोमीटरवरून गेले. वर्षभराने पायोनियर ११ आणखी जवळून गेले. किरणोत्साराचा मारा माणसाला मारक ठरेल त्याच्या शेकडो पट होता. उपकरणे भेलकांडली, पण टिकली. या अनुभवावरून व्हॉयेजर यानांची उपकरणे जास्त कणखर केली गेली आणि १९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजर निघाली. पहिले ५ मार्च १९७९ ला गुरूपाशी पोचले, दुसरे ९ जुलैला. गुरू तेव्हा कर्केत होता, सिंहेच्या उंबरठ्यावर.

व्हॉयेजरची सर्वांत मोठी बातमी आली ती वैज्ञानिकांच्या खोलीतून नव्हे, दिशादर्शनाच्या कामावरून. लिंडा मोराबितो ही तरुण अभियंता यानाची नेमकी जागा काढण्यासाठी ८ मार्चला घेतलेला आयोचा एक फोटो तपासत होती. मागचा अंधुक तारा दिसावा म्हणून तिने चित्राचा उजेड मुद्दाम वाढवला, तर आयोच्या कडेला एक भलाथोरला फुगारा दिसला. आधी वाटले, मागून दुसरा चंद्र डोकावत असेल. पण त्या जागी त्या वेळी दुसरा चंद्र असणे शक्य नव्हते. दिवसभर एकेक शक्यता खोडत गेल्यावर उरले ते एकच उत्तर: आयोवर जागृत ज्वालामुखी आहे आणि त्याचा धुरळा पावणेतीनशे किलोमीटर उंच उडतो आहे. पृथ्वीबाहेर जिवंत ज्वालामुखी दिसण्याची ती पहिलीच वेळ. गंमत म्हणजे, गुरू आणि शेजारचे चंद्र यांच्या ओढाताणीत आयो आतून वितळलेला असावा, असा तर्क शास्त्रज्ञ स्टँटन पील आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यान पोचण्याच्या तीनच दिवस आधी छापला होता. भाकीत करून आठवडाभरात पडताळा मिळणे ज्योतिषातही दुर्मीळच.

याशिवाय गुरूभोवती फिकट कडे सापडले, तीन नवे चंद्र सापडले, आणि युरोपा या चंद्राचा गुळगुळीत, तडे गेलेला बर्फाचा पृष्ठभाग दिसला. दोन्ही यानांनी मिळून गुरू आणि त्याच्या चंद्रांची सुमारे ३३ हजार चित्रे पाठवली. १९८० चा सिंहस्थ भरला तेव्हा ही चित्रे जगभर पोचलेली होती. रामकुंडात बुडी मारणाऱ्यांपैकी किती जणांच्या कानावर त्यातले काही गेले असेल? माझा अंदाज, फारच थोड्यांच्या. आकाशवाणी होती, वर्तमानपत्रे होती, पण ग्रह म्हटला की तो धर्माच्या पानावर आणि यान म्हटले की ते विज्ञानाच्या पानावर, ही आपली वाटणी तेव्हाही पक्की होती.

पुढचे यान गॅलिलिओ, आणि त्याची कथा खऱ्या अर्थाने रखडपट्टीची. जवळून नुसते जायचे नाही, गुरूभोवती फिरत राहायचे आणि एक कुपी थेट ढगांत सोडायची, असा बेत. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर या स्पेस शटलचा स्फोट झाला आणि शटलची सगळी उड्डाणे थांबली, गॅलिलिओचेही. तयार झालेले गॅलिलिओ ट्रकवर चढवून फ्लोरिडाहून परत कॅलिफोर्नियाला नेले, मग पुन्हा फ्लोरिडाला आणले. शेवटी १८ ऑक्टोबर १९८९ ला ते निघाले. त्याची मुख्य अँटेना पावणेपाच मीटर व्यासाची, अठरा काड्यांवर ताणलेली जाळी. ती मिटवून ठेवली होती आणि वाटेत उघडायची होती. १९९१ च्या एप्रिलमध्ये उघडण्याचा हुकूम गेला. मोटार फिरली, थांबली. काही काड्या जागच्या हलल्याच नाहीत. ट्रकच्या त्या हजारो किलोमीटरच्या हेलपाट्यांत काड्यांच्या खुंट्यांवरचे वंगण झिजून गेले असावे, असा निष्कर्ष पुढे निघाला. यान उन्हाकडे फिरवून तापवले, सावलीत नेऊन गार केले, मोटारीला हजारो वेळा हिसके दिले. अँटेना उघडली नाही ती नाहीच.

तिकडे ही झटापट चालू असतानाच इकडे १९९१ चा सिंहस्थ भरला. गुरू सिंहेतच असताना, ८ फेब्रुवारी १९९२ ला, युलिसिस नावाचे दुसरे यान त्याच्याजवळून गेले. त्याला जायचे होते सूर्याच्या ध्रुवांवर, पण तिकडे वळायलाही आधी गुरूचाच आधार घ्यावा लागला. गॅलिलिओच्या लोकांनी मात्र हाय खाल्ली नाही. छोट्या, दुय्यम अँटेनातून संदेश धाडायचे ठरले. सेकंदाला एक लाख चौतीस हजार बिट पाठवण्याची जिथे सोय होती, तिथे आता जेमतेम शे-दीडशे. मग चित्रे यानावरच आवळून लहान करण्याची नवी प्रणाली लिहून इथून वर पाठवली, टेपरेकॉर्डरवर साठवून सवकाशीने उतरवून घेतली. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हे यान अपयशाच्या प्रकरणात घालावे की यशाच्या, मला अजून ठरवता आलेले नाही.

मध्येच १९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे विसाहून जास्त तुकडे एकामागोमाग गुरूवर आदळले. नुकतीच दुरुस्त झालेली हबल दुर्बीण ते पाहायला सज्ज होती. आदळण्याचे काळे डाग पृथ्वीहून मोठे होते आणि ते महिनोन्‌महिने राहिले. गॅलिलिओला वाटेतून ते प्रत्यक्ष दिसले.

७ डिसेंबर १९९५ ला गॅलिलिओने सोडलेली कुपी सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या ढगांत घुसली. तिने तासाभराला दोन-तीन मिनिटे कमी इतका वेळ संदेश पाठवले आणि मग उष्णता व दाबाने ती गप्प झाली. त्या तासाभराच्या माहितीने सगळ्यांना कोड्यात टाकले: गुरूच्या ढगांत जेवढे पाणी असायला हवे होते, त्याच्या कितीतरी कमी सापडले. कुपी नेमकी कोरड्या जागी पडली, की गुरूच्या जन्माविषयीचे आपले गणितच चुकले?

नेमक्या त्याच सुमारास गुरूची एक खूण भलत्याच ठिकाणी सापडली, आणि त्यात एक मराठी नाव होते. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कुरुंदवाडचा, १९५६ चा. कुरुंदवाड म्हणजे नृसिंहवाडीच्या शेजारचे गाव. सिंहस्थ संपून गुरू कन्येला गेला की कृष्णाकाठी जो कन्यागत पर्वकाळ लागतो, तो तिथेच. कॅलटेकमध्ये काम करणाऱ्या कुलकर्णी यांच्या गटाने पालोमारच्या दुर्बिणीतून ग्लीझ २२९ या ताऱ्याशेजारी एक मंद सोबती हुडकला. १९९५ च्या नोव्हेंबरात हबलनेही त्याचे चित्र घेतले. १९ प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या गोळ्याच्या प्रकाशात मिथेनच्या ठळक खुणा होत्या. मिथेन ताऱ्यात टिकत नाही. तो गुरूसारख्या थंड वायुगोळ्याचा दाखला. तारा म्हणायला लहान आणि ग्रह म्हणायला मोठा, अशा ‘तपकिरी बटू’ वर्गातला हा पहिला निर्विवाद सदस्य. या तऱ्हेच्या वस्तू असायला हव्यात असे शास्त्रज्ञ तीस वर्षे म्हणत होते. २०२४ मध्ये तर असे निघाले की तो एकटा नाही, एकमेकांभोवती बारा दिवसांत फेरी घालणारी ती जोडी आहे. त्याच वर्षी कुलकर्णी यांना शॉ पारितोषिक मिळाले.

गॅलिलिओ मूळ बेतापेक्षा कितीतरी जास्त काळ, आठ वर्षे, गुरूभोवती फिरले. त्याची खरी कमाई युरोपा. तिथल्या चुंबकीय नोंदींवरून बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र असावा असा अंदाज बांधता आला, आणि तोही पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांहून मोठा. मग पेच पडला. यानाचे इंधन संपत आले होते. ते भरकटून कधीतरी युरोपावर पडले आणि त्याच्यावर पृथ्वीवरचे चिवट जंतू असले, तर ते पाणी नासणार. त्यापेक्षा यानच नष्ट करावे असे ठरले. २१ सप्टेंबर २००३ ला गॅलिलिओ मुद्दाम गुरूत लोटले गेले.

नाशिककरांना २००३ साल वेगळ्या कारणाने आठवते. २७ ऑगस्टच्या शाही स्नानाला काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद बोळात चेंगराचेंगरी झाली, ३९ जण गेले. त्यानंतर महिन्याच्या आत, गुरू सिंहेतच असताना, गॅलिलिओ गुरूच्या ढगांत जळाले. कधीही न पाहिलेल्या, पंचाण्णव कोटी किलोमीटरवरच्या पाण्यात आपली घाण जाऊ नये म्हणून सोन्यासारखे यान जाळणारी माणसे आणि गोदावरीत नाले सोडणारे आपण, एकाच काळातले आहोत. याहून जास्त काही त्यावर बोलवत नाही.

आता केतकरांचा तो धागा. प्लुटोकडे न्यू होरायझन्स हे यान २००६ च्या जानेवारीत निघाले. फेब्रुवारी २००७ मध्ये त्याने गुरूपाशी वेग घेतला; त्यामुळे त्याची जवळजवळ तीन वर्षे वाचली. १४ जुलै २०१५ ला ते प्लुटोपाशी पोचले. आणि त्याच दिवशी, १४ जुलै २०१५ ला सकाळी, गुरू सिंहेत आला म्हणून रामकुंडावर सिंहस्थाचा ध्वज चढला. त्याच दिवशी संध्याकाळी, भारतीय वेळेने सव्वापाचच्या सुमारास, यान प्लुटोच्या सर्वांत जवळ होते. असले योगायोग कशाचीच सिद्धता करत नाहीत. पण गुरूच्या चंद्रांवरून प्लुटोच्या जागेचा अंदाज बांधणाऱ्या केतकरांना तो दिवस आवडला असता, असे म्हणायला हरकत नाही.

त्या सिंहस्थाचे रामकुंडावरचे शेवटचे शाही स्नान १८ सप्टेंबरला झाले. दहा दिवसांनी, २८ सप्टेंबर २०१५ ला, श्रीहरिकोटाहून ॲस्ट्रोसॅट निघाला, भारताची पहिली पूर्ण वाढीची अवकाश वेधशाळा. क्ष-किरण टिपणारी त्याची मुख्य उपकरणे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली आणि पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेचाही त्यांत मोठा वाटा होता. गुरू हे त्याचे लक्ष्य नव्हते; त्याची नजर फार पलीकडे. आयुकाचे कनक साहा यांच्या गटाने याच ॲस्ट्रोसॅटच्या २८ तासांच्या निरीक्षणांतून ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचे अतिनील किरण टिपले, ते २०२० मध्ये जाहीर झाले. गुरूकडे लक्ष होते ते नाशिक-पुणे रस्त्याजवळच्या खोडदचे. तिथल्या, नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांनी गुरूच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून येणाऱ्या रेडिओलहरी मोजल्या आहेत. ज्या पट्ट्यांनी पायोनियरला हैराण केले, त्यांचा आवाज आपल्याच शेजारच्या माळावर ऐकू येतो.

सिंहस्थाचा ध्वज ११ ऑगस्ट २०१६ ला उतरला. त्याच्या महिनाभर आधी, ५ जुलैच्या सकाळी, जूनो यान गुरूच्या कक्षेत शिरले. म्हणजे गॅलिलिओचा शेवट आणि जूनोचा आरंभ, दोन्ही गुरू सिंहेत असतानाचे, आणि मधे एक फेरी पूर्ण. जूनो सौरऊर्जेवर चालते. गुरूपाशी ऊन पृथ्वीच्या मानाने पंचविसाव्या हिश्शाइतके, म्हणून त्याला नऊ-नऊ मीटर लांबीचे तीन पंख. ते ध्रुवांवरून फिरते आणि किरणोत्साराचे पट्टे चुकवत ढगांना खेटून जाते. उत्तर ध्रुवावर मधल्या वावटळीभोवती आठ वावटळी, दक्षिणेकडे पाच, अशी वर्षानुवर्षे न मोडणारी रचना त्याने दाखवली. आपल्याला दिसणारे ढगांचे पट्टे सुमारे तीन हजार किलोमीटर खोलवर जातात हे कळले. गुरूच्या पोटात घट्ट खडकाचा गोळा असेल असे पाठ्यपुस्तके सांगत; तो निघाला पसरलेला, आजूबाजूच्या वायूत विरघळत गेलेला. आणि गॅलिलिओच्या कुपीने घातलेले कोडे २०२० मध्ये सुटू लागले: विषुववृत्ताजवळ पाणी बऱ्यापैकी आहे. कुपी कोरड्या जागीच पडली होती.

पुढच्या सिंहस्थाचे वेळापत्रक जाहीर झाले आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर ही रामकुंडावरची मोठी स्नाने. २४ जुलै २०२८ ला ध्वज उतरेल. या अख्ख्या काळात दोन याने गुरूच्या वाटेवर असतील. युरोपाच्या बर्फाखालच्या समुद्राचा तपास करायला निघालेले युरोपा क्लिपर २०३० मध्ये पोचायचे आहे, आणि युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस २०३१ मध्ये. त्यानंतरचा सिंहस्थ २०३९ च्या आसपास लागेल, तोवर त्या समुद्राविषयीचे आजचे अंदाज खरे-खोटे ठरलेले असतील.

एक गोष्ट मात्र बहुतेक भाविकांना ठाऊक नसते. बहुतेक मोठी स्नाने सूर्य आणि गुरू दोघेही सिंहेत असताना होतात, म्हणजे ऐन पर्वणीला गुरू सूर्याच्या झळाळीत बुडालेला असतो. पंचांगात त्याला गुरूचा अस्त म्हणतात. २००३ मध्ये गुरू-सूर्य युती २२ ऑगस्टला होती, २०१५ मध्ये २६ ऑगस्टला. २०२७ मध्ये ती ऑगस्टच्या अगदी अखेरीस, दुसऱ्या मोठ्या स्नानाच्या सुमारास येते. ज्याच्या नावाने लाखो लोक गोदेत उतरतात, तो त्या दिवशी दिसत तर नाहीच, उलट पृथ्वीपासून सर्वांत लांब, सुमारे ९५ कोटी किलोमीटरवर असतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला त्रेपन्न मिनिटे लागतात.

तो दिसतो नंतर. २०२८ च्या मार्चच्या मध्यास गुरू सूर्याच्या बरोबर समोर येईल, सिंहेत असेल आणि सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत आकाशात राहील. सिंहस्थाचा ध्वज तेव्हाही रामकुंडावर असेल, गर्दी मात्र ओसरलेली असेल. मेळ्यासाठी रस्ते, घाट, पूल यांवर खर्च होणारच आहे. त्यातून नाशिकच्या महापालिकेने आणि शाळा-कॉलेजांनी त्या पंधरवड्यात गोदाघाटावर दहा-वीस दुर्बिणी मांडाव्यात आणि येईल त्याला गुरूचे चार चंद्र दाखवावेत. साध्या, हातात धरायच्या दुर्बिणीतूनही ते दिसतात.